कोट, काळबादेवी, गिरगाव: दक्षिण मुंबईतल्या रस्त्यांच्या नावांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गिरगावात वाढलो. गेली काही वर्षं ओळखीपाळखीच्या मंडळींना, आणि आता त्यांच्या मुलांनाही, रविवारी सकाळी कोटातून ठाकूरद्वारापर्यंत पायी फिरवून आणतो. दर खेपेला तेच प्रश्न निघतात. चालता चालता घाईत दिलेली उत्तरं अपुरी वाटतात, म्हणून ती इथे नीट लिहून ठेवली आहेत.

'फोर्ट' म्हणतात, मग किल्ला कुठे आहे?

आता नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी आपल्या वस्तीभोवती तट बांधला, पुढे बाहेरून खंदकही झाला. आत जायला मुख्य दरवाजे तीन: अपोलो गेट, चर्चगेट आणि बझारगेट. १८६० च्या दशकात सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना हा तट पाडून टाकला. तटाचा दगड गेला, पण त्याची आखणी नावांत राहिली. 'रॅम्पार्ट रो' म्हणजे तटालगतची ओळ. आज तो के. दुभाष मार्ग आहे. 'एस्प्लनेड' म्हणजे तटापुढे मुद्दाम मोकळं ठेवलेलं मैदान, शत्रू आला तर त्याला लपायला आडोसा मिळू नये म्हणून. तिथला एस्प्लनेड रोड म्हणजे आजचा महात्मा गांधी मार्ग. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल हे सगळे त्याच मोकळ्या पट्ट्याचे उरलेले तुकडे.

जुन्या मराठी माणसाच्या तोंडी 'फोर्ट' नव्हतंच. तो 'कोट' म्हणायचा. माझी आजी शेवटपर्यंत 'कोटात जाऊन येते' म्हणायची. तट पडून शंभर वर्षं झाल्यावर जन्मलेल्या मला तेव्हा वाटायचं, कोट शिवायला जाते.

चर्चगेटला चर्चही दिसत नाही आणि गेटही नाही. नाव कशावरून?

चर्च आहे, पण स्टेशनपासून चांगलं दहा-पंधरा मिनिटं चालत, हॉर्निमन सर्कलपाशी. सेंट थॉमस हे ते चर्च, १७१८ मध्ये उघडलेलं. तटाच्या ज्या दरवाजातून सरळ या चर्चकडे रस्ता जायचा, तो चर्चगेट. दरवाजा होता त्या जागी आज फ्लोरा फाउंटनचं कारंजं आहे. दरवाजा पाडला, रस्त्याला चर्चगेट स्ट्रीट नाव राहिलं, पुढे रेल्वेचं स्टेशन आलं त्याने तेच नाव घेतलं आणि मग रस्त्याचंही नाव बदलून वीर नरिमन रोड झालं. म्हणजे मूळ दरवाजा नाही, त्याच्यावरून पडलेलं रस्त्याचं नाव नाही, आणि तिसऱ्याच ठिकाणी असलेलं स्टेशन तेवढं ते नाव सांभाळून आहे. स्टेशनाबाहेर पडून वीर नरिमन रोडने सरळ पूर्वेला चालत राहा. कारंजं ओलांडलं की थोड्या वेळात चर्चचा मनोरा समोर येतो. नावाचा अर्थ पायांनी कळतो तो असा.

गनबाव स्ट्रीटचा बंदुकीशी काही संबंध आहे का?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. इंग्रजी पाटीवर हे नाव 'गन' आणि 'बो' अशा दोन शब्दांसारखं दिसायचं. बंदूक आणि धनुष्य. तटाच्या आतली गल्ली, तेव्हा इथे तोफखाना असेल, शस्त्रागार असेल, अशा गोष्टी लोक अगदी खात्रीने सांगतात.

हे नाव एका मराठी माणसाचं आहे. गणबाशेट. अठराव्या शतकात मुंबईत येऊन नशीब काढलेले सोनार समाजातले व्यापारी, आणि नाना शंकरशेट यांच्या घराण्यातले. 'गणबा' साहेबाच्या जिभेवर वळेना. त्याने ऐकलं तसं लिहिलं, पाटी लावणाऱ्याने लिहिलं तसं रंगवलं, आणि पुढच्या पिढ्यांनी त्या पाटीवरून नाव मराठीत परत आणलं ते 'गनबाव' होऊन. आपलंच माणूस परदेशी कपडे घालून परत आलं आणि आपण त्याला ओळखलं नाही.

आता तो रुस्तम सिधवा मार्ग आहे. संविधान सभेच्या सदस्याचं नाव आहे, त्याबद्दल आदरच आहे. पण त्या नावाखाली जे नाव गेलं ते साहेबाचं नव्हतं, गणबाशेटचं होतं, हे बदलताना कुणाच्या लक्षात आलं असेल का, हा विचार त्या गल्लीतून जाताना दर वेळी मनात येतो.

आणि अपोलो बंदर? ग्रीक देव इथे कसा आला?

देव आला नाही. कोळी आणि मराठी लोक त्या धक्क्याला 'पालवा' म्हणत. पालव्याचं इंग्रजांनी अपोलो केलं. जुनी माणसं गेटवेला फिरायला जाताना 'पालव्यावर जातो' असंच म्हणायची. इतकंच.

गिरगावात जिकडे तिकडे 'वाडी' का? इथे खेडी होती का?

खेडी नव्हेत, बागा. घाटावर वाडी म्हणजे छोटं गाव, वस्ती. कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची, आंब्या-फणसाची राखलेली बाग. मुंबई कोकणाचीच, तेव्हा गिरगावातली वाडी ही कोकणातली वाडी आहे. हा एक शब्द नीट कळला की सगळं गिरगाव डोळ्यांपुढे हिरवं होतं. फणसवाडीत फणस. केळेवाडीत केळी. आंबेवाडीत आंबा. कांदेवाडीत कांद्याचे वाफे. खेतवाडी म्हणजे शेतंच. मुगभाट म्हणजे मुगाचं शेत, बोरभाट म्हणजे बोरींचं. 'भाट' हा शब्द मुंबईत या गल्ल्यांपुरताच उरला, पण गोव्यात जा, माडांच्या बागायतीला अजून भाटच म्हणतात.

झाडं गिरगावापुरती थांबत नाहीत. चिंच बंदर, उमरखाडीतला उंबर, ताडदेवचा ताड, बाबुलनाथची बाभूळ, पलीकडे चिंचपोकळीची चिंच आणि वडाळ्याचे वड. कोटातल्या टॅमरिंड लेनमध्येही चिंचच आहे, फक्त इंग्रजी बोलणारी. या सगळ्यातलं एखादं झाडही आज त्याच्या नावाच्या जागी दाखवता येत नाही, म्हणून तर ही नावं मला इतकी मोलाची वाटतात. हे बेट कसं दिसत होतं याचा पुरावा त्या पाट्यांवर आहे.

काही वाड्या माणसांच्या. खोताची वाडी दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थाची. त्यांनी जागा भाड्याने दिल्या त्या बहुतांशी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना. म्हणून तिथे लाकडी जिने बाहेर काढलेली, ओटीवर बाक मांडलेली घरं, कोपऱ्यावर क्रूस, आणि त्या सगळ्याला नाव मात्र खोताचं. त्या घरांतली मंडळी मराठी बोलतात ती तुमच्या-माझ्यासारखी, कारण ती मूळची इथलीच.

आमच्या घरी एका पत्र्याच्या डब्यात जुनी पत्रं आहेत. आजोळहून आलेल्या एका पोस्टकार्डावर पत्ता आहे: 'मुगभाट लेन, गिरगांव, मुंबई नं. ४.' चाळीचं नाव आहे, खोली नंबर नाही. पोस्टमन खालून हाक मारायचा आणि कार्ड वर पोहोचायचं. त्या चारच्या आधी ४०००० लागून आज ४००००४ झालं. पण मूग तिथेच आहे.

चर्नी रोडचा अर्थ काय?

चरणी. गुरं चरायची जागा. कंपनी सरकारने १८३८ मध्ये मोकळ्या मैदानात गुरं चारण्यावर कर बसवला. गरीब गवळ्यांना तो परवडेना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी स्वतःच्या पदरचे वीस हजार रुपये घालून ठाकूरद्वाराजवळ समुद्राकाठची कुरणं विकत घेतली आणि तिथे गुरांना फुकट चरू दिलं, अशी ही हकिगत सांगितली जाते. वीस हजार ही त्या काळी काय रक्कम असेल याचा अंदाज करा.

धोबीतलाव, सी. पी. टँक, गवालिया टँक. तलाव गेले कुठे?

बुजवले. नळाचं पाणी येण्याआधी मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती, आणि तलाव बांधणं हे मोठं पुण्य समजलं जाई. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल तलाव, अठराव्या शतकातल्या एका पारशी गृहस्थाने बांधवलेला. धोबीतलावावर धोबी कपडे धूत. गवालिया टँकवर गवळी गुरांना पाण्यावर आणत, आणि तिथल्याच मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ ला 'छोडो भारत'चा ठराव झाला, म्हणून ते ऑगस्ट क्रांती मैदान. नळ आले, तलावांचं पाणी खराब होत गेलं, पुढे मलेरियाच्या डासांचं कारण झालं आणि एकेक करून ते भरून टाकले. धोबीतलावाच्या चौकाला आता वासुदेव बळवंत फडके यांचं नाव आहे. तिथे उभं राहून 'तलाव कुठे?' असं विचारणाऱ्या मुलांना मी खाली बघायला सांगतो. तुम्ही त्याच्यावर उभे आहात.

पाण्याची आणखी एक खूण म्हणजे पायधुणी. मुंबई तेव्हा सात बेटांची. भरतीचं पाणी महालक्ष्मीच्या बाजूने आत शिरायचं ते पार इथपर्यंत. चिखल-पाण्यातून वाट काढत आलेला माणूस शहरात शिरण्याआधी इथे पाय धुवायचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात वरळीला बांध घातला, ते हॉर्नबी वेलार्ड, आणि पाणी आत यायचं थांबलं. 'वेलार्ड' हा शब्दही पोर्तुगीज, कुंपण किंवा बांध अशा अर्थाचा. पायधुणीला आज सगळीकडे दुकानं आणि हातगाड्या. समुद्र इथून दिसतही नाही. त्या एका शब्दात पाणी मात्र घोट्यापर्यंत आहे.

मशीद बंदरचं नाव कोणत्या मशिदीवरून?

ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. ही मशीद म्हणजे सिनेगॉग, ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर. स्टेशनापासून जवळ सॅम्युएल स्ट्रीटवर ते अजून उभं आहे, १७९६ चं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. ते बांधवलं सामाजी हसाजी दिवेकर यांनी. सॅम्युएल इझिकिएल हे त्यांचं दुसरं नाव, आणि सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाने.

आडनाव नीट वाचा. दिवेकर. हे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, अलिबागच्या बाजूचे. पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. गावांवरून आडनावं: दिवेकर, रोहेकर, पेणकर, किहीमकर. घरची भाषा मराठी. आपल्या प्रार्थनामंदिराला ते मराठीत 'मशीद'च म्हणत, आणि मुंबईतली ही पहिली, म्हणून ती 'जुनी मशीद'. त्यांच्या या शब्दावरून बंदराचं आणि स्टेशनाचं नाव पडलं असं मानलं जातं. त्यांच्यातले बहुतेक आज इस्राएलमध्ये आहेत. तिथेही सणासुदीला मराठी बोलणारी, पुरणपोळी करणारी घरं आहेत.

त्या स्टेशनात रोज लाखो माणसं चढतात-उतरतात. एका छोट्याशा मराठी ज्यू समाजाच्या तोंडचा शब्द इंडिकेटरवर लागतो आहे हे त्यांना सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

भेंडी बाजार म्हणजे 'बिहाइंड द बझार' हे खरं ना?

क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा भाग म्हणून साहेब 'बिहाइंड द बझार' म्हणत आणि त्याचं भेंडी बाजार झालं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला ती पटत नाही. भेंडीचं झाड असतं: भाजीची भेंडी नव्हे, पिवळ्या फुलांचं, समुद्रकाठी सावलीसाठी लावतात ते मोठं झाड. ज्या शहरात चिंच, उंबर, बाभूळ, फणस यांची नावं पडली, तिथे एकट्या भेंडीला इंग्रजीचा आधार घ्यायची काय गरज? आपल्या भाषेतला सरळ अर्थ समोर असताना तो सोडून साहेबाच्या बोलण्यात अर्थ शोधायची आपल्याला सवय लागली आहे, ती मोडायला हवी.

मग इंग्रजीवरून बिघडून झालेलं एकही नाव नाही का?

आहे की. पिला हाऊस. ग्रँट रोडच्या भागात 'पिवळ्या' रंगाचं घर शोधत लोक फिरतात. ते आहे प्ले हाऊस, नाटकगृह. नाना शंकरशेट यांनी १८४६ मध्ये ग्रँट रोडवर नाट्यगृह उभारलं. सांगलीहून आलेल्या विष्णुदास भाव्यांनी १८५३ मध्ये तिथे मराठी नाटक केलं. मग त्या परिसरात नाटकगृहांची रांग लागली: पारशी, गुजराती, उर्दू, मराठी. पुढे तमाशाचे फड आले, त्यानंतर सिनेमा. घोडागाडीवाल्यांनी आणि हमालांनी त्या सगळ्याचं मिळून पिला हाऊस केलं, आणि ते इतकं घट्ट बसलं की नाटकगृहं गेल्यावरही नाव हललं नाही.

तिथून जाणारा फॉकलंड रोड आज पठ्ठे बापूराव मार्ग आहे. फॉकलंड हा १८४८ ते १८५३ या काळातला गव्हर्नर. पठ्ठे बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, ज्यांनी कुळकर्णीपण आणि ब्राह्मण घर सोडून तमाशाचा फड जवळ केला, पवळाबाईंबरोबर मुंबईची थिएटरं गाजवली आणि लावण्यांचा डोंगर मागे ठेवला. मुंबईतल्या सगळ्या बदललेल्या नावांत मला हे सर्वांत अचूक वाटतं. जिथे ढोलकी वाजली तिथेच शाहिराचं नाव लागलं.

साहेबांची बाकीची नावं कधी आणि कशी बदलली?

बहुतेक स्वातंत्र्यानंतर, एकदम नव्हे, वर्षानुवर्षं. हॉर्नबी रोडचा दादाभाई नौरोजी रोड झाला. क्वीन्स रोडचा महर्षी कर्वे रोड. कार्नॅक रोड लोकमान्य टिळक मार्ग. मेडोज स्ट्रीट नगीनदास मास्टर रोड. लॅमिंग्टन रोड डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हे सुट्या भागांच्या दुकानांत काम करणाऱ्यांनाही माहीत नसतं. सँडहर्स्ट रोड सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आणि प्रिन्सेस स्ट्रीट शामळदास गांधी मार्ग. हे शेवटचे दोन रस्ते मुळात प्लेगचे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दाट वस्त्यांत हवा यावी म्हणून त्याने घरं पाडून हे रुंद रस्ते काढले. कुणाकुणाचं घर गेलं ते कुठल्याच नावात नाही.

काही ठिकाणी नाव देणाऱ्याने विचार केला आहे, तिथे मी मुद्दाम थांबतो. गोदीशेजारचा फ्रिअर रोड पी. डिमेलो यांच्या नावाने झाला, गोदी कामगारांचे पुढारी म्हणून ज्यांनी त्याच रस्त्यावर हयात घालवली. वीर नरिमन म्हणजे खुर्शेद नरिमन. १९२० च्या दशकात बॅकबेच्या भरावातला गैरकारभार त्यांनी चव्हाट्यावर आणला, त्याबद्दल बदनामीच्या खटल्यालाही तोंड दिलं आणि जिंकले. त्याच समुद्रावर पुढे टाकलेल्या भरावाचं नाव नरिमन पॉइंट.

नुसतं मोठ्या माणसाचं नाव कुठेतरी द्यायचं म्हणून दिलं की ते पाटीवरच राहतं. जागेशी नातं असलं की लोक ते उचलतात, थोडा वेळ लागतो इतकंच.

हॉर्निमन तर इंग्रज होता. त्याचं नाव कसं राहिलं?

राहिलं नाही, दिलं. पूर्वी ते एल्फिन्स्टन सर्कल होतं. बी. जी. हॉर्निमन 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक, स्वातंत्र्याच्या बाजूने लिहिणारे. १९१९ मध्ये सरकारने त्यांना उचलून बोटीवर घातलं आणि देशाबाहेर पाठवलं. ते परत आले आणि इथेच राहिले. गव्हर्नराचं नाव काढून मुंबईने एका इंग्रज पत्रकाराचं नाव लावलं. नावं बदलताना कातडी पाहिली नाही, काम पाहिलं, याचा मला मुंबईकर म्हणून अभिमान आहे.

याच चौकाजवळ वडाखाली दलालांचे सौदे चालत. तिथून ते हलत हलत १८७४ च्या सुमारास शेजारच्या गल्लीत स्थिरावले. ती दलाल स्ट्रीट. नाव धंद्यावरून पडलं आणि ते बदलायची आजवर कुणाला गरज वाटली नाही.

काळा घोडा कुठे गेला?

राणीच्या बागेत. घोड्यावर प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, बसलेला होता. पुतळा सर आल्बर्ट ससून यांनी दिलेला. १९६५ मध्ये तो हलवला. पण ध्यानात घ्या, तो तिथे होता तेव्हाही लोकांनी राजपुत्राचं नाव घेतलं नाही, घोड्याचंच घेतलं. २०१७ मध्ये तिथे नवा घोडा बसवला, स्वाराशिवाय. लोकांनी जे कधीच ठरवलं होतं तेच शिल्पात आलं.

'फ्लोरा फाउंटन' म्हणावं की 'हुतात्मा चौक'?

कारंज्याला फ्लोरा फाउंटन म्हणा. ते १८६४ चं आहे आणि सुंदर आहे. चौकाला हुतात्मा चौक म्हणा. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर इथे गोळ्या झाडल्या. चळवळीत १०६ जणांनी प्राण दिले. त्यांत गिरणी कामगार होते, फेरीवाले होते, शाळकरी पोरं होती. आमच्या वाडीतून त्या दिवशी गेलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. ती चौकाचं नाव घेताना आवाज खाली आणायची. टॅक्सीवाल्याला 'फाउंटन' सांगितलं की लवकर कळतं हे मला मान्य आहे. तरीही मी 'हुतात्मा चौक' सांगतो.

रस्त्यांना बायकांची नावं इतकी कमी का?

देवींची भरपूर आहेत: मुंबादेवी, काळबादेवी, गावदेवी, नागदेवी. शहराचं नावच देवीवरून. हाडामांसाच्या बायकांची मात्र शोधावी लागतात. मंत्रालयाजवळ मादाम कामा रोड आहे, १९०७ मध्ये श्टुटगार्टला हिंदुस्थानचा झेंडा फडकवणाऱ्या भिकाईजी कामांचा. गावदेवीला पंडिता रमाबाई मार्ग आहे. रमाबाईंनी १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढलं ते इथेच चौपाटीजवळ, मग ते पुण्याला गेलं. तेव्हा हे नाव योग्य जागी आहे. ऑपेरा हाऊसकडे अवंतिकाबाई गोखले मार्ग आहे. गिरगावातल्या बायकांना एकत्र आणणाऱ्या, हिंद महिला समाज काढणाऱ्या, आणि १९१८ मध्येच गांधीजींचं चरित्र मराठीत लिहिणाऱ्या या बाई. त्या रस्त्यावरून रोज शाळेत गेलो आणि त्या कोण हे मला वयाच्या चाळिशीत कळलं. शाळेत एकदा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

स्टेशनांची नावंही बदलणार म्हणे. तुमचं मत काय?

रस्त्याचं नाव महापालिका ठरवते. स्टेशनाच्या नावाला केंद्र सरकारची मंजुरी लागते. व्हिक्टोरिया टर्मिनस १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणखी काही नावांना संमती दिली: सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, डॉकयार्ड रोडचं माझगाव, करी रोडचं लालबाग, मरीन लाइन्सचं मुंबादेवी, चर्नी रोडचं गिरगाव.

डोंगरी, माझगाव, लालबाग यांना माझा मनापासून पाठिंबा. ती त्या जागांची खरी नावं आहेत आणि ती परत मिळत आहेत. चर्नी रोडच्या बाबतीत मात्र मी हात जोडून विरोध करतो. गिरगाव माझं गाव आहे, त्याचं नाव स्टेशनाला लागलं तर मला आनंदच. पण 'चर्नी'त साहेब कुठे आहे? त्यात गाय आहे, गवत आहे, कर न परवडणारे गवळी आहेत आणि त्यांच्यासाठी खिसा रिकामा करणारा एक पारशी आहे. परकं नाव पुसायच्या भरात आपलंच पुसलं जाऊ नये. गणबाशेटचं झालं तेवढं पुरे.

माझ्या गल्लीच्या नावाचा अर्थ कसा शोधू?

आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि आजच विचारा. 'तुम्ही लहानपणी या गल्लीला काय म्हणायचात?' एवढाच प्रश्न. पाटीवर काय आहे ते विचारू नका.

मग जुने कागद काढा. रेशनकार्ड, भाडेपावती, लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, पोस्टकार्डं. देवळातल्या आणि पाणपोईवरच्या दगडावर देणगीदाराचं नाव कोरलेलं असतं, गल्लीचं नाव पुष्कळदा त्याच्यावरूनच पडलेलं. बेलासिस रोडवर असाच एक दगड लावलेला होता: १७९३ च्या दुष्काळात सुरतेहून पोटासाठी आलेल्या गरिबांनी, लोकवर्गणीच्या पैशातून, हा रस्ता बांधला असं सांगणारा. रस्त्याला नाव मिळालं हुकूम देणाऱ्या जनरल बेलासिसचं, पण खडी फोडणारे निदान त्या दगडावर तरी आले.

नावाचा उच्चार मोठ्याने करून बघा, इंग्रजी स्पेलिंग विसरून. पुष्कळ कोडी तिथेच सुटतात. आणि वाडी, भाट, खाडी, बंदर, तलाव, पूर असं काही शेवटी असेल तर आधी तो शब्द सोडवा. मागचा भाग झाडाचा निघतो, नाहीतर देवाचा, नाहीतर गणबाशेटसारख्या एखाद्या माणसाचा.

काही सापडलं तर लिहून ठेवा, तारीख घाला, सांगणाऱ्याचं वय घाला. माझ्याकडे अशी दोन वह्या भरतील इतकी टिपणं जमली आहेत. पहिल्या पानावर आजीने सांगितलेल्या मुगभाटातल्या विहिरीची जागा आहे, पेन्सिलीने काढलेल्या नकाशासकट.